कुंभार्ली उतरताना

कराड सोडलं की पाटणपर्यंत रस्ता सरळसाधा आहे. उसाचे मळे, मध्येच कोयनेचं पात्र, गुऱ्हाळं. पाटणच्या पुढे डोंगर जवळ येऊ लागतात, आणि हेळवाकला नदीची आणि आपली ताटातूट होते. उत्तरेकडून महाबळेश्वरच्या बाजूने येणारी कोयना इथे पूर्वेला वळून कराडकडे निघते. आपण पश्चिमेला, चिपळूणच्या वाटेला. बाजूलाच कोयनानगर. तिथून जाताना अब्बा दर वेळी 11 डिसेंबर 1967 च्या पहाटेची गोष्ट सांगतात. तेव्हा ते नऊ वर्षांचे होते. भूकंप कोयनेला झाला, पण चिपळूणच्या आमच्या घरातल्या फळीवरची भांडीही खाली आली होती. गोष्ट संपेपर्यंत कुंभार्ली घाटाचा माथा येतो.

गेल्या जुलैत कराडला खालाच्या घरचं लग्न आटोपून आम्ही परतत होतो. गाडी मी चालवत होतो, शेजारी अब्बा, मागे नजमा आणि दोन्ही मुली. माथ्यावर धुकं इतकं, की भाजलेल्या कणसांचा वास आला पण गाडा दिसला नाही. थांबलो, कणसं घेतली आणि उताराला लागलो. पावसाळ्यात हा घाट फार देखणा असतो. प्रत्येक वळणावर कड्यावरून पाणी कोसळत असतं आणि खाली पोफळीपर्यंत सगळं हिरवंगार. याच डोंगराच्या पोटात वीजघर आहे. कोयनेचं पाणी बोगद्यांतून इकडे उतरतं, वीज करून पुढे वाशिष्ठीला मिळतं. म्हणजे हेळवाकला जिची साथ सोडली, तीच नदी आपल्या पायाखालून आपल्याबरोबर कोकणात येत असते. मुलींना हे फार आवडतं.

चार-पाच वळणं झाली असतील. पुढे खड्डे भरलेला खडबडीत तुकडा, वेग जेमतेम तीस. ब्रेक दाबला तर पॅडल पायाखाली थरथरलं आणि क्षणभर गाडी धरलीच नाही, पुढेच सरकली. मग पकडली. लगेच समोर दोन पिवळे दिवे लागले. एक एबीएसचा, दुसरा घसरणाऱ्या गाडीच्या चित्राचा.

अब्बांनी चिपळूण डेपोत अठ्ठावीस वर्षं एसटी चालवली. ते ओरडले नाहीत. “दुसरा टाक बेटा. ज्या गिअरला घाट चढतो, त्याच गिअरला उतरायचा.” दुसऱ्या गिअरवर, ब्रेकला अधूनमधून नुसता स्पर्श करत आम्ही पोफळी गाठली. मागे कुणी बोललं नाही. धाकटीच्या हातातलं कणीस तसंच राहिलं होतं.

पिवळा एबीएसचा दिवा लागला म्हणजे ब्रेक गेले असं नव्हे. चाक जाम होऊ न देणारी व्यवस्था बंद पडते, साधा ब्रेक चालतो. मात्र ओल्या रस्त्यावर करकचून दाबला तर गाडी घसरू शकते. लाल दिवा वेगळा. हँडब्रेक सोडूनही तो राहिला तर गाडी तिथेच थांबवायची. आणि दिवा न लागताही दगा देणारी गोष्ट म्हणजे जुनं ब्रेक ऑइल. ते हवेतला दमटपणा शोषतं, लांब उतारावर तापून उकळतं, त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पॅडल स्पंजासारखं खाली जातं. कोकणातल्या हवेत तर ते वेळच्या वेळी बदलायलाच हवं.

दुसऱ्या दिवशी वर्कशॉपला गेलो. गाडी बंद करून चालू केल्यावर दिवे विझलेले होते. तिथल्या माणसाने सपाट, कोरड्या रस्त्यावर एक फेरी मारली आणि म्हणाला, “काही नाही साहेब. पावसात असं वाटतं.” मीही ऐकून घरी आलो. नजमाने मात्र ऐकलं नाही. “वाटलं नाही, झालं. पाचही जणांना एकदम वाटलं का?” तिने मुलीच्या वहीत माझ्याकडून सगळं लिहून घेतलं: कुठलं वळण, किती वेग, रस्ता कसा, कुठला दिवा आधी.

अशा “वाटण्या”ची एक मोठी गोष्ट आहे. टोयोटाच्या प्रियस गाडीबद्दल जपान आणि अमेरिकेतले चालक सांगत होते, की खडबडीत किंवा निसरड्या रस्त्यावर ब्रेक क्षणभर सुटल्यासारखा होतो. कंपनीच्या बाजूने आधी हा जाणिवेचा प्रश्न ठरवला गेला. तक्रारी थांबल्या नाहीत. फेब्रुवारी 2010 मध्ये जगभरातल्या सुमारे 4 लाख 37 हजार हायब्रीड गाड्या परत बोलावून एबीएसचं सॉफ्टवेअर बदलावं लागलं. आपल्याकडेही 2019 च्या मोटार वाहन कायद्यातील दुरुस्तीने ठरावीक प्रमाणात मालकांच्या तक्रारी आल्या तर सरकार सदोष गाड्या परत मागवायला लावू शकतं. पण त्यासाठी तक्रार आधी लेखी नोंदलेली हवी. “पावसात असं वाटतं” म्हणून आपण घरी परतलो, तर ती मोजायची कुणी?

वही घेऊन पुन्हा गेलो. या वेळी गाडीला स्कॅनर लावला, तर पुढच्या डाव्या चाकाच्या सेन्सरची चूक साठलेली निघाली. गाडी वर उचलली. सेन्सरची वायर घासून सोलली होती, आत पाणी जात होतं. चाक फिरत असताना थांबल्याचा खोटा निरोप जायचा आणि यंत्रणा त्या चाकाचा ब्रेक सोडून द्यायची. वायर बदलली, ब्रेक ऑइलही बदललं. फेरी मारणारा तोच माणूस वही बराच वेळ वाचत होता. पानाचा मोबाइलवर फोटो काढून घेतला त्याने.

ऑगस्टमध्ये पुन्हा कराडला जाणं झालं. परतताना कुंभार्लीच्या माथ्यावर धुकं तसंच. कणसं घेतली, दुसरा गिअर टाकला. तो तुकडा आला तेव्हा मागून नजमा म्हणाली, “हेच ते वळण.” ब्रेक दाबला, गाडीने धरलं. शेजारी पाहिलं तर अब्बांचा उजवा पाय खालच्या मॅटवर घट्ट दाबलेला होता.