कडुलिंबाजवळची डीपी

बाबांच्या शर्टाच्या खिशात एक वही असायची. नांदेडला टेलिफोन खात्यात ते लाइनमन होते. एक्स्चेंजमधल्या एमडीएफवरून निघालेली केबल कुठल्या पिलरला जाते, तिथून कुठल्या डीपीला, म्हणजे तारा वाटणाऱ्या पेटीला, कुठल्या जोडीवर कुणाचा फोन, सगळं त्या वहीत पेन्सिलीनं काढलेलं. डीपीच्या नंबरापुढं ‘कडुलिंबाजवळ’, ‘गिरणीमागं’ अशा खुणा. पेन्सिल एवढ्यासाठी, की तार बदलली तर त्याच दिवशी खोडून नवं लिहायचं.

नेटवर्कचं काम शिकायला मी हैदराबादला आलो. दिवसा अमीरपेठेतला क्लास, रात्री कुकटपल्लीच्या हाउसिंग बोर्ड कॉलनीत तिघांची खोली. पुढं नोकरीही जेएनटीयूजवळच्याच एका इमारतीत लागली. तिथल्या नेटवर्कचा नकाशा मी व्हिजिओत सुरेख रंगवला. बदल त्याच दिवशी लिहायची बाबांची सवय मात्र उचलली नाही. एका रात्री तिसरा मजला बंद पडला. नकाशातली केबल जागेवर नव्हतीच. पहाटेपर्यंत फॉल्स सीलिंग उचलून एकेक तार ओढून पाहिली.

मग नकाशा आपोआप निघावा म्हणून पायथॉनकडे वळलो. नेटमिको एसएसएचनं प्रत्येक स्विचमध्ये शिरून त्याचे शेजारी विचारते, नेटवर्कएक्स त्या उत्तरांचं जाळं विणते, ग्राफव्हिझ चित्र काढते. पिपनं ग्राफव्हिझ बसवलं तरी चित्र निघेना, त्यात दोन दिवस गेले. पिपनं येतो तो नुसता निरोप्या. चित्र काढणारा ‘डॉट’ वेगळा बसवून त्याचा पाथ द्यावा लागतो. स्विचवर एलएलडीपीही सुरू केलं. 2005 साली प्रमाणित झालेल्या या नियमावर माझा जीव आहे. प्रत्येक उपकरण साधारण दर 30 सेकंदांनी आपलं नाव आणि पोर्ट तारेपलीकडच्या शेजाऱ्याला सांगतं. 120 सेकंद आवाज आला नाही, की शेजारी ती नोंद खोडून टाकतो. बाबांची पेन्सिलच ती.

पहिलं चित्र निघालं त्या आठवड्यात बाबा देवगिरी एक्स्प्रेसनं आले होते. साऱ्या मजल्यांच्या तारा एकाच चौकोनात शिरलेल्या, त्यावर लिहिलेलं ‘स्विच’. सहा स्विचचं कारखान्यातलं नाव कुणी बदललंच नव्हतं, आणि जाळं विणताना मी नावालाच ओळख धरलं होतं.

“कोण कुणाला जोडलंय, हे सांगितलं कुणी?” बाबांनी विचारलं.

“तेच सांगतात, बाबा.”

ते बराच वेळ स्क्रीन पाहत राहिले. “मग नावं नीट ठेव त्यांची.”

मॅक पत्त्यानं सहा चौकोन वेगळे करता आले असते. पण रात्री दोनला जिने चढणाऱ्याला मॅक पत्ता काय सांगणार? सोमवारी सहाही स्विचना नावं दिली: मजला, कपाट आणि जवळची खूण. तिसऱ्या मजल्यावरचा ‘जिन्याजवळ’. नकाशा आता रोज पहाटे 4 वाजता नवा निघतो.