तळखडा

नाशिकच्या दहीपुलाजवळच्या आमच्या वाड्याचे खांब उतरवले त्या दिवशी मी तिथेच होतो. सागवानी वाडा नुसता पाडत नाहीत, उकलावा लागतो. कौलं गेली, कडीपाट निघाला, मग तुळया. सांध्यांना खिळा नव्हताच. सुताराने लाकडी खुंट्या ठोकून बाहेर काढल्या आणि एक माझ्या हातावर ठेवली. बाहेरचं टोक धुराने काळं पडलेलं, आत दडलेला भाग मात्र पिवळाधमक. नाकाशी धरली तर सागाचा वास अजून येत होता.

सप्टेंबर 2008 मध्ये गंगेला पूर आला. गोदावरीला आम्ही नाशिककर गंगाच म्हणतो. नदीपात्रातला दुतोंड्या मारुती बुडाला आणि पाणी सराफ बाजारात शिरलं. ओसरलं तेव्हा आमची पांढऱ्या मातीची भिंत कमरेपर्यंत विरघळली होती, वरचा मजला मात्र जिथल्या तिथे. सगळा भार खांब-तुळयांवर. भिंत फक्त आडोशाला. खांबही थेट जमिनीत नव्हते, दगडी तळखड्यावर होते, म्हणून ओल लाकडात मुरून राहिली नाही. आजीने पडलेली मातीच गोळा करायला लावली. "भुसा घाल, मुरू दे चार दिवस," म्हणाली. त्याच मातीची भिंत पुन्हा उभी राहिली.

आजी गेली आणि मृगाआधीची कौलांची शाकारणी थांबली. पैसे कुणी काढायचे, यावर भाऊबंदांचं एकमत होईना. मीही त्यातलाच, चार फुटकी कौलं बदलायला काय लागलं असतं? खालून आलेली नदी दोन दिवसांत निघून गेली. वरून ठिबकणारं पाणी मुक्कामाला राहिलं. भिंतीत गेलेली तुळयांची टोकं आतून भुसभुशीत झाली. मग धोकादायक इमारतीची नोटीस आली. नाशिकच्याच सरकारवाड्यातले पेशवाईतले खांब उभे पाहिले की अजून छातीत कळ येते.

लाकूड व्यापाऱ्याने नेलं. एक तळखडा मी फ्लॅटच्या गॅलरीत आणून ठेवला. खांबाचं कूस बसायचं ती चौकोनी खाच मध्ये आहे. परवा पहिला पाऊस झाला, खाच भरली. मी ओंजळीने पाणी उपसलं, फडक्याचं टोक आत घालून कोपरे कोरडे केले.