माझ्या नावाचं गाणं

परदेशात राहणाऱ्या प्रत्येकाकडे आपल्या नावाची एक कथा असतेच. तुमच्याकडेही असेल. अश्विनीची 'अ‍ॅश' होते, ज्ञानेश्वरचा 'डॅन' होतो, आणि एखाद्या हृषीकेशनं फोनवर स्पेलिंग सांगण्यात आयुष्याचे किती तास घालवले असतील याचा हिशेबच नको. त्या मानानं मी सुखी. माझं नाव आशा. दोन अक्षरं, जोडाक्षर नाही, जीभ वळवावी लागत नाही. तरीही १९९६ साली लग्न होऊन नॉटिंगहॅमला आले, तेव्हा पहिली दोन वर्षं मी 'अ‍ॅशर' होते, 'आयेशा' होते, आणि प्रयोगशाळेतल्या एका बाईंच्या लेखी चक्क 'नताशा' होते. मग १९९८चा फेब्रुवारी उजाडला आणि आठवड्याभरात सगळ्या देशाला माझं नाव नीट म्हणता यायला लागलं. नुसतं म्हणताच नाही, गाताही.

हा चमत्कार केला कॉर्नरशॉप नावाच्या बँडनं, 'ब्रिमफुल ऑफ आशा' या गाण्यातून. तेव्हापासून आजपर्यंत साधारण माझ्या वयाच्या इंग्रज माणसाशी ओळख झाली की तो आधी हसतो, मग हात पुढे करतो आणि मग त्या गाण्याची ओळ गुणगुणतो. दुकानात, दातांच्या डॉक्टरकडे, एकदा तर पासपोर्ट तपासणाऱ्या अधिकाऱ्यानंसुद्धा. तुमच्यापैकी कुणाचं नाव आशा असेल आणि ब्रिटनमध्ये राहत असाल, तर मी काय म्हणतेय ते लगेच कळेल. बाकीच्यांसाठी ही सगळी हकिगत.

बँड लेस्टरचा, म्हणजे नॉटिंगहॅमहून रेल्वेनं अर्ध्या तासावरचा. खरं तर नॉटिंगहॅमच्या माणसानं लेस्टरचं कौतुक करायचं नसतं. फुटबॉलचं वैर आहे. पण हे गाव आपल्या लोकांच्या दृष्टीनं महत्त्वाचं. १९७२ साली इदी अमीननं युगांडातून आशियाई लोकांना हाकललं, तेव्हा इथल्या नगरपालिकेनं तिकडच्या वर्तमानपत्रात जाहिरात दिली होती, की कृपया लेस्टरला येऊ नका. लोक आले. दुकानं काढली, घरं घेतली, आणि आज त्याच गावातली बेलग्रेव्ह रोडवरची दिवाळी बघायला आम्ही नॉटिंगहॅमहून जातो.

अशा गावात १९९१ साली तजिंदर सिंग, त्याचा भाऊ अवतार, बेन एअर्स आणि डेव्हिड चेंबर्स यांनी बँड काढला. तजिंदर वूल्व्हरहॅम्प्टनचा. त्याच्या लहानपणी तिथून खासदार होता इनॉक पॉवेल, परक्यांच्या येण्यानं रक्ताच्या नद्या वाहतील असं सुचवणारं १९६८चं ते कुप्रसिद्ध भाषण करणारा. बँडचं नावही यातूनच आलेलं. कॉर्नर शॉप म्हणजे कोपऱ्यावरचं दुकान, पहाटे वर्तमानपत्रांचे गठ्ठे सोडणारं आणि रात्री उशिरा दूध-पाव विकणारं. आशियाई माणूस म्हणजे दुकानदार, हे इथलं ठरलेलं गणित. ज्या शब्दानं लोक आपल्याला हिणवतात, तोच शब्द या पोरांनी पाटीवर रंगवून लावला.

सुरुवातीला त्यांना वाजवता फारसं येत नव्हतं. हे मी नाही, तेव्हाचे समीक्षक म्हणत. पण ओरडायचं कशासाठी ते पक्कं ठाऊक होतं. १९९२ साली मॉरिसी हा तेव्हाचा मोठा गायक लंडनच्या फिन्सबरी पार्कमधल्या मंचावर युनियन जॅक मिरवत वावरला, आणि त्याच्या काही गाण्यांतून आशियाई लोकांबद्दल जे सूर निघत होते ते या मुलांच्या कानांना टोचले. त्यांनी इएमआय या रेकॉर्ड कंपनीच्या कचेरीबाहेर त्याचं चित्र जाळलं. १९९३ सालच्या त्यांच्या पहिल्या छोट्या रेकॉर्डची तबकडी करीच्या रंगाची होती. तुम्ही आम्हाला करीवरून चिडवणार ना? मग घ्या, ऐका करी.

पहिला अल्बम 'होल्ड ऑन इट हर्ट्स' १९९४चा, तसाच खरखरीत. दुसऱ्यात मात्र काहीतरी बदललं. 'वुमन्स गॉटा हॅव इट' (१९९५) 'सिक्स ए.एम. जालंधर शेर' या पंजाबी गाण्यानं सुरू होतो. एकच घोळवलेला आधारस्वर, त्यावर गिटार आणि त्यावर तजिंदरचा जरा आळसावलेला आवाज. मी मूळची मिरजेची. सतारमेकरांच्या गल्लीतून शाळेत जाताना तंबोरे जुळवल्याचा आवाज कानावर पडतच मोठी झाले. या बँडमध्ये गिटार वाजवणारा बेन एअर्स तंबोराही छेडतो, आणि अँथनी सॅफरी सतार वाजवतो. गिटारच्या गोंगाटातून तंबोऱ्याची ती जवारी ऐकू आली, तेव्हा मी स्वयंपाकघरात हातातला चमचा तसाच धरून उभी राहिले होते. हे लोक सतार शोभेला लावत नव्हते. घरात असते तशी ती त्यांच्या गाण्यात होती.

सप्टेंबर १९९७मध्ये तिसरा अल्बम आला, 'व्हेन आय वॉज बॉर्न फॉर द सेव्हन्थ टाइम'. यात अमेरिकन कवी अ‍ॅलन गिन्सबर्गचा आवाज आहे. शेवटी बीटल्सचं 'नॉर्वेजियन वुड' पंजाबीत आहे. १९६५ साली जॉर्ज हॅरिसननं त्या गाण्यात सतार वाजवली होती. आपलं वाद्य त्यांनी नेलं, बत्तीस वर्षांनी यांनी त्यांचं गाणं आपल्या भाषेत आणलं. फिटंफाट झाली, कटुता नाही. आणि याच अल्बमच्या सुरुवातीला ते माझ्या नावाचं गाणं आहे.

गाणं आशा भोसल्यांवर आहे, पण त्यात त्यांचा आवाज नाही. गिटारचे मोजके स्वरमेळ पुन्हा पुन्हा येतात, आणि तजिंदर हिंदी सिनेमातल्या पडद्यामागच्या गायिकेबद्दल, लतादीदी आणि रफीसाहेबांबद्दल, रेडिओबद्दल आणि मुख्य म्हणजे पंचेचाळीसच्या छोट्या तबकडीबद्दल गातो. परक्या देशातल्या घरात ती तबकडी म्हणजे काय, हे तुम्हाला मी सांगायला नको.

इथे तबकडीवरच्या नावाची एक गोष्ट आठवते. 'महल' (१९४९)च्या गाजलेल्या गाण्याच्या तबकडीवर लतादीदींचं नाव नव्हतं. पडद्यावरच्या पात्राचं नाव छापलं होतं, 'कामिनी'. विलायतेत, हॉलिवूडमध्येही तीच तऱ्हा. 'माय फेअर लेडी'त (१९६४) ऑड्री हेपबर्नची बहुतेक गाणी मार्नी निक्सननं गायली, आणि सिनेमाच्या नामावलीत तिचं नाव नाही. आपल्याकडे पुढे पार्श्वगायकांना नाव मिळालं, नटनट्यांपेक्षाही मोठं झालं. पण सांगली संस्थानातल्या गोर गावी जन्मलेल्या, १९४३ साली 'माझं बाळ' या मराठी चित्रपटासाठी वयाच्या दहाव्या वर्षी पहिलं गाणं गायलेल्या मुलीचं नाव पंचावन्न वर्षांनी इंग्लंडमध्ये गाण्याच्या शीर्षकातच झळकावं, हे वेगळंच. पडद्यामागची बाई पुढे आली, तीही न गाता.

शीर्षकातला शब्दही बघा. ब्रिमफुल म्हणजे काठोकाठ भरलेलं. इंग्रज माणसाला एवढं कळतं की काहीतरी काठोकाठ भरलंय. कशानं, ते कळत नाही. आपल्याला एकाच वेळी दोन्ही ऐकू येतं, आशाताई आणि आशा. आणि तजिंदरनं हे कुठेही फोडून सांगितलेलं नाही. कळलं त्याला कळलं. बाकीच्यांनी ठेका धरावा.

ऑगस्ट १९९७मध्ये गाणं एकटं बाजारात आलं, तेव्हा विक्रीच्या यादीत साठाव्या क्रमांकापर्यंतच पोचलं. रेडिओवर जॉन पीलच्या श्रोत्यांनी मात्र वर्षाअखेरीच्या मतदानात त्याला पहिलं ठेवलं. मग नॉर्मन कुक, म्हणजे फॅटबॉय स्लिम, यानं त्याची गती वाढवली, सूर वर चढवला, खाली दणदणीत ठेका घातला. फेब्रुवारी १९९८मध्ये ते गाणं ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर आलं. त्याच्या आधीच्या आठवड्यात तिथे होतं 'टायटॅनिक'मधलं सेलीन डिऑनचं गाणं आणि नंतरच्या आठवड्यात मॅडोना. त्या दोघींच्या मधला एक आठवडा आमचा. प्रयोगशाळेतला रेडिओ दिवसभर तेच वाजवत होता, आणि नताशा म्हणणाऱ्या बाईंनी सूक्ष्मदर्शकातून डोकं वर काढून विचारलं, "ही तूच का?"

मी शनिवारी मार्केट स्ट्रीटवरच्या सिलेक्टाडिस्कमध्ये जाऊन सीडी घेतली. नॉटिंगहॅमचं हे नावाजलेलं रेकॉर्डचं दुकान २००९ साली बंद झालं. पुढच्या महिन्यात वुलटनला एका घरी आम्ही मराठी कुटुंबं जेवायला जमलो, तेव्हा ती सीडी लावली. साठच्या दशकात इकडे आलेले एक डॉक्टर काका शांतपणे पूर्ण गाणं ऐकून म्हणाले, "अगं आशा, पण यात आशाताईंचं गाणं कुठंय? ही हिंदी सिनेमाची आशा. आपली आशा वेगळी."

काकांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नव्हतं. आपली आशा म्हणजे मास्टर दीनानाथांची मुलगी, नाट्यगीतं गाणारी, हृदयनाथांच्या चालीवर सुरेश भटांची गझल गाणारी. त्या आशेची इंग्लंडला गंधवार्ता नाही. वूल्व्हरहॅम्प्टनच्या पंजाबी घरात जी पोचली ती हिंदी सिनेमातली. पण मला त्या दिवशी दुसरंच जाणवत होतं. आपण आपली आशा घरात जपून ठेवली होती, कॅसेटांच्या खोक्यात, गणपतीच्या कार्यक्रमात, आपल्याच माणसांसमोर. लतादीदी १९७४ साली रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये गायल्या, पण ऐकायला बसलेले बहुतेक आपलेच होते. या मुलानं घरातलं नाव उचललं आणि इंग्रजांच्या रेडिओवर नेऊन ठेवलं, भाषांतर न करता, ओळख न करून देता. हे आपल्यापैकी कुणाला सुचलं नव्हतं. मी काकांना एवढंच म्हटलं, "काका, आपली वेगळी असेल, पण दार त्यानं उघडलंय. आता आपल्याला कोण अडवतंय?" काका हसले. जेवण वाढायला घेतलं.

त्या यशाची किंमत बँडनं चुकवली. एका गाण्याचा बँड असा शिक्का बसला, आणि तोही दुसऱ्यानं पळवलेल्या गाण्याचा. त्यांनी त्या ठेक्याच्या नकला काढून दुकान चालवलं असतं तर कुणी नावं ठेवली नसती. तसं केलं नाही. 'हँडक्रीम फॉर अ जनरेशन' यायला २००२ उजाडलं. त्यानंतर सात वर्षांनी, २००९मध्ये, स्वतःच्या छोट्या कंपनीतर्फे 'ज्युडी सक्स अ लेमन फॉर ब्रेकफास्ट'. २०११मध्ये बबली कौर या गायिकेला घेऊन पूर्ण पंजाबी अल्बम. मार्च २०२०मध्ये, टाळेबंदीच्या तोंडावर, 'इंग्लंड इज अ गार्डन'. गर्दीच्या मागे न लागता तजिंदर आणि बेन आपलं कोपऱ्यावरचं दुकान उघडं ठेवून आहेत.

तो २०२०चा अल्बम मी बीस्टनजवळच्या अ‍ॅटनबरोच्या तळ्यांकाठी फिरताना रोज ऐकत असे. दिवसातून एकदा बाहेर पडायची परवानगी होती तेव्हाची गोष्ट. बासरी, तबला आणि गिटार अशा निवांतपणे एकत्र नांदतात, की इंग्लंडची बाग कुणाची, हा प्रश्नच पडत नाही.

माझी लेक इथेच जन्मली. तिच्या पिढीला माझं नाव ऐकून गाणं आठवत नाही, त्यामुळे तिच्या मित्रमैत्रिणी मला सरळ हाक मारतात. मध्यंतरी तिनं स्वतःहून मूळचं, संथ गाणं शोधून ऐकलं आणि म्हणाली, "आई, हे हळू आहे ना, म्हणून यात शब्द कळतात." मग विचारलं, "आशा भोसलेंचं मराठीतलं काय ऐकू?" इतकी वर्षं मी आपणहून लावलं की ती खोलीबाहेर जायची. त्या रात्री आम्ही एकापाठोपाठ एक अकरा गाणी ऐकली. त्यात भटांची गझलही होती. तिला अर्थ निम्मा कळला, तिनं तो पूर्ण विचारून घेतला.

तेव्हा तुम्हीही ऐका. आधी संथ मूळ गाणं, मग कुकचं धावतं, मग तो सगळा अल्बम शेवटच्या पंजाबी बीटल्सपर्यंत. आणि घरात इथे वाढलेली मुलं असतील तर गाणं मोठ्यानं लावा. आशा म्हणजे काय, हे त्यांनी विचारलं तरच सांगा.