अम्मीच्या बांगड्यांचं प्रवाळ

आमच्या मोर्शीत समुद्र कुठला! सिंभोऱ्याजवळचं अप्पर वर्धा धरण, तोच आमचा समुद्र. त्यामुळे गेल्या हिवाळ्यात मालवण पाहून आलेली माझी चौदा वर्षांची लेक आठवडाभर प्रवाळाशिवाय दुसरं काही बोलत नव्हती. डोळ्यांना काचेचा मुखवटा लावून तिनं सिंधुदुर्ग किल्ल्याजवळच्या पाण्यात डोकं घातलं होतं. रंगीत प्रवाळात मध्येच तिला चुन्यासारखे पांढरे डाग दिसले.

"मम्मी, ते मेलेलं नसतं, उपाशी असतं."

सूरह रहमानमध्ये मोत्यांसोबत 'मरजान' येतं. लहानपणापासून तिलावत करते, पण ते जिवंत असतं हे मला लेकीनं सांगितलं. प्रवाळाच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं. रंग त्याचाच, बरंचसं अन्नही तेच पुरवतं. समुद्राचं पाणी उन्हाळ्यातल्या नेहमीपेक्षा एखाद्या अंशानं जास्त तापून काही आठवडे तसंच राहिलं, की प्रवाळ त्या शैवालाला बाहेर टाकतं. पाणी लवकर निवलं तर सावरतं, नाहीतर मरतं. १९९८ साली लक्षद्वीपचं कितीतरी प्रवाळ असंच गेलं. एक अंश! आम्ही मे महिन्यात ४५ अंशांत कपडे वाळत घालणारी माणसं, आम्हाला एका अंशाचं काय?

अम्मीला मात्र लगेच समजलं. "एप्रिलात ऊन एकदम वाढलं की आंबिया बहाराची संत्री गळतात, तसंच ना?"

शाळेच्या प्रदर्शनासाठी लेकीला प्रवाळ करायचं होतं, तेही काचेचं. जर्मनीत ड्रेस्डेनला लिओपोल्ड ब्लाश्का आणि त्यांचा मुलगा रुडॉल्फ यांनी एकोणिसाव्या शतकात समुद्रातले मऊ जीव काचेत घडवले होते. खरे जीव बाटलीत ठेवले की त्यांचा रंग नि आकार जाई. काच ते दिव्याच्या ज्योतीवर वाकवत. हे ऐकून मी हसले. आमच्या दादीही तेच करत! फुटक्या बांगड्यांचे तुकडे ज्योतीवर धरून, वाकवून, एकात एक अडकवून तोरण.

मग मेणबत्ती लावून बसलो. काजळी धरते, ती पुसावी लागते. मी घाईनं फुंकर मारली, तुकडा तडकला. पांढऱ्या बांगड्या बाजारातून आणल्या होत्या; रंगीत तुकडे मात्र कमी पडले.

अम्मी उठली आणि बिस्किटाचा जुना डबा घेऊन आली. अब्बा गेले तेव्हा इद्दतीत उतरवलेल्या तिच्या बांगड्या त्यात होत्या, हिरव्या, लाल. सात वर्षांत तिनं तो डबा कुणाला उघडू दिला नव्हता. मी नको म्हटलं.

"फोड," ती नातीला म्हणाली. "पांढरं कमी कर."

लेकीचा हात काही चालेना. शेवटी पहिली बांगडी अम्मीनंच फोडली. एक हिरवी तेवढी तिनं हळूच बाजूला काढून पदराखाली घेतली. ती कधीची, ते मी विचारलं नाही.