हेवीचं घर

मुंब्रा-कौसा भागात नवीन कुणी राहायला आलं की शेजारीपाजारी पहिला प्रश्न विचारतात, “भाड्याने की हेवी पे?” मी मराठी शिकवते, त्यामुळे शब्दांकडे जरा जास्तच लक्ष जातं. ‘हेवी’ हे इंग्रजी विशेषण आमच्याकडे नाम होऊन बसलं आहे. घर हेवीवर घेतात, हेवी वाढते, हेवी परत मिळते, आणि कधीकधी बुडते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. घरमालकाला पाच, आठ, दहा लाख रुपये एकरकमी द्यायचे आणि त्याच्या घरात महिन्याचं भाडं न देता राहायचं. घर सोडताना तेवढीच रक्कम परत घ्यायची. बंगळुरात याला ‘लीज’ म्हणतात. दक्षिण कोरियात हीच पद्धत ‘जोन्से’ नावाने पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. म्हणजे हा काही एकट्या मुंब्र्याचा शोध नाही.

पण ती आमच्याकडे इतकी रुजली, याला आमची अशी कारणं आहेत. १९९२-९३ च्या दंगलींनंतर मुंबईतली असंख्य मुस्लिम कुटुंबं खाडी ओलांडून इकडे आली. मुंबईत घर परवडत नव्हतं, आणि जिथे परवडत होतं तिथे एजंट नाव ऐकून “फ्लॅट गेला” म्हणत होता. (हे अजूनही म्हणतात, फक्त आता जास्त गोड आवाजात.) गरज मोठी आणि जागा थोडी, म्हणून इमारती भराभर उभ्या राहिल्या. त्यातल्या कितीतरी परवानगीशिवाय. ४ एप्रिल २०१३ रोजी शिळफाट्याजवळ लकी कंपाउंडमधली बांधकाम सुरू असलेली इमारत कोसळून ७४ माणसं गेली. त्या इमारतीतही लोक राहत होते. स्वस्त घर स्वस्त का असतं, ते त्या दिवशी साऱ्या महाराष्ट्राने पाहिलं.

ओसी नसलेल्या इमारतीतल्या फ्लॅटवर बँक कर्ज देत नाही. मग असा फ्लॅट विकत घेणारा पैसे कुठून आणतो? भाडेकरूकडून. वीस लाखांच्या घरात आठ लाख हेवीचे आले की त्याला बारा लाखच उभे करावे लागतात. शांतपणे पाहिलं तर भाडेकरू हीच घरमालकाची बँक आहे, आणि तीही बिनव्याजी, बिनतारण. बँक कर्ज देताना घराचे मूळ कागद ठेवून घेते. आमच्या या बँकेकडे नोटरीचा शिक्का मारलेला एक स्टॅम्प पेपर असतो. बऱ्याचदा त्यावर रक्कमही पूर्ण लिहिलेली नसते.

माझ्या धाकट्या नणंदेचं घर असंच आहे. २०१५ साली तिचा नवरा सौदीहून कायमचा परत आला तेव्हा हातात सहा लाख होते. पगाराची स्लिप नव्हती, त्यामुळे बँकेच्या दारात उभं राहण्याचा प्रश्नच नव्हता. आणि सूद द्यायचा नाही हा तर आमच्या घरातला ठाम निर्णय. ते सहा लाख देऊन वन बीएचके मिळाला. २०२१ मध्ये मालकाने हेवी नऊ लाख केली, तेव्हा तिच्या बांगड्या गेल्या. आता तो बारा मागतो आहे, नाहीतर घर खाली करा म्हणतो.

“भाभी, इतकी वर्षं एक रुपया भाडं दिलं नाही,” हे ती नेहमी अभिमानाने सांगते. तिचा अभिमान खोटा नाही. तसल्याच घराचं भाडं आमच्या गल्लीत बारा हजार आहे, आणि रिक्षा चालवणाऱ्या माणसाला दर महिन्याच्या पाच तारखेची धास्ती नसणं ही केवढी मोठी गोष्ट आहे, ते अकरा महिन्यांनी घर बदलणाऱ्यांना विचारा. ज्यांच्याकडे महिन्याचा बांधलेला पगार नाही, पण गल्फची बचत, गावची जमीन किंवा दागिने विकून एकदाच रक्कम उभी राहते, त्यांच्यासाठी हेवी हाच रस्ता असतो. मी स्वतः शिक्षकांच्या खोलीत बसते. माध्यमिक शिक्षणसेवकाचं मानधन आज १८ हजार आहे, आणि तेही २०२३ मध्ये वाढल्यानंतरचं. त्या पोरांना बँक काय देणार?

तरीही हिशेब मांडायलाच हवा. २०१५ मध्ये सोनं तोळ्याला सत्तावीस हजारांच्या आसपास होतं. तिचे सहा लाख तेव्हा वीस तोळ्यांहून जास्त होते. आज तोळा लाखाच्या वर आहे, म्हणजे तेच सहा लाख सहा तोळेही नाहीत. मालकाने एक रुपयाही खाल्ला नाही, दिलेली रक्कम पूर्ण परत केली, तरी एवढा फरक पडतो. त्यात जकात. हेवी म्हणजे मालकाला दिलेलं कर्ज, तेव्हा त्या रकमेवर जकात निघते, असं आमच्या मौलाना साहेबांनी तिला सांगितलं. नऊ लाखांवर अडीच टक्के म्हणजे वर्षाला साडेबावीस हजार. ती देते, आनंदाने देते. पण “भाडं नाही” म्हणताना ही रक्कम कुणी मोजत नाही.

गंमत म्हणजे सरकार मोजतं. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्सचा करार नोंदवताना मुद्रांक शुल्क ठरवायचं तर परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्के व्याज धरलं जातं आणि ते भाड्यात मिळवलं जातं. नऊ लाखांवर वर्षाचे नव्वद हजार, महिन्याचे साडेसात हजार. आपण ज्याला बिनभाड्याचं घर म्हणतो, त्याचं भाडं सरकारी कोष्टकात आधीच लिहिलेलं आहे.

मग सुदाचं काय? कर्ज देऊन त्याच्या बदल्यात फायदा घेणं हाच सूद, म्हणून हेवीवर फुकट राहणं नाजायज, असं अनेक उलेमा सांगतात. काहींनी तोड सुचवली की थोडं तरी भाडं द्या, म्हणून आमच्या इमारतीत कुणी महिन्याला पाचशे देतं, कुणी हजार. इतर उलेमांना हीही पळवाट वाटते. मी फतवा देणारी कोण? पण बँकेचा हप्ता हराम म्हणून ज्यांनी नाक मुरडलं त्यांनी हेवीला डोळे झाकून हलाल धरावं, हे मला पटत नाही. बिनव्याजी बँकिंगची शिफारस रघुराम राजन समितीने २००८ मध्ये केली होती. २०१७ मध्ये रिझर्व्ह बँकेने इस्लामी बँकेचा विषय पुढे न्यायचा नाही असं कळवलं. तिसरा रस्ता उघडता उघडता राहिला, हे खरंच. पण आहे त्या रस्त्यावर निदान दिवा लावून चालता येतं.

कुरआनातली सर्वात लांब आयत कोणती, असं मी वर्गात कधीकधी विचारते. मुलांना वाटतं नमाजबद्दल असेल, नाहीतर रोज्याबद्दल. ती सूरह बकरहची २८२ वी आयत आहे, आणि ती उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल आहे. लिहिणारा कसा असावा, साक्षीदार किती असावेत, रक्कम लहान असो वा मोठी, लिहायचा कंटाळा करू नका, इतक्या बारकाईने. आणि आम्ही? “घरचीच माणसं आहेत, कागद कशाला!” भाडे नियंत्रण कायदा १९९९ प्रमाणे असा करार लेखी आणि नोंदणीकृत असणं बंधनकारक आहे, आणि ती जबाबदारी मालकाची आहे. नऊ लाखांच्या करारावर अकरा महिन्यांचं मुद्रांक शुल्क भरतं दोनशे-सव्वादोनशे रुपये, वर नोंदणीचे हजार. लोक एवढं वाचवतात. पैसे चेकने द्या म्हटलं तर मालक दुसरी पार्टी बघतो.

नणंदेच्या मालकाकडे आज नऊ लाख नाहीत. त्याने ते कधीच दुसऱ्या फ्लॅटमध्ये घातले. “नवीन पार्टी आली की तिच्या हेवीतून तुमचे देतो,” हे त्याचं उत्तर. हे सगळेच मालक म्हणतात आणि बहुतेकदा खरंही करतात. म्हणून आता दर रविवारी ती स्वतःच घर झाडून-पुसून लोकांना दाखवते. तिची सुटका दुसऱ्या कुणीतरी अडकण्यावर आहे.

परवा एक नवं जोडपं आलं होतं. मुलगी पोटुशी, तिच्यासोबत सासू. मीही तिथेच होते. सासूने विचारलं, “बाजी, मालक कैसा है?” नणंदेने माझ्याकडे एकदा पाहिलं. मग म्हणाली, “आदमी बुरा नहीं है. पानी दो टाइम आता है. पण पूरी रकम लिखवा के, रजिस्टर कर के ही पैसा देना.” जाताना त्यांनी नंबर घेतला.

अजून फोन आलेला नाही. उद्या पुन्हा रविवार आहे, दोन पार्ट्या येणार आहेत.