डाकबंगल्यातला साहेब आणि बाकीचे

होस्टेलवर रात्री लाईट गेली की अभ्यास बंद आणि भुतं सुरू! कोकणातला पार्टनर खवीस घेऊन येतो, खानदेशातला पिंपळावरचा मुंजा सोडतो आणि आम्ही अमरावती-अकोल्याचे पोट्टे शेवटी आपला हुकमी एक्का काढतो... मेळघाटातला डाकबंगला! गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. सागाचं जंगल, कौलारू बंगला, म्हातारा चौकीदार आणि बरोबर बारा वाजता व्हरांड्यात बुटांचा टक् टक् आवाज. गोरा साहेब, डोकं काखेत! सांगणाऱ्याने तो स्वतः कधीच पाहिलेला नसतो. त्याच्या मामाच्या मित्राने पाहिलेला असतो.

पण हा साहेब आपल्या वऱ्हाडात आला कसा, हे कोणी विचारत नाही. डिसेंबर 1803 मध्ये आर्थर वेलस्लीच्या फौजेने गाविलगड घेतला. 1823 मध्ये हैदराबाद रेजिमेंटचा कॅप्टन रॉबिन्सन चिखलदऱ्याच्या पठारावर पोचला. (कीचकाला भीमाने मारलं ते हेच ठिकाण, असं आपले लोक त्याच्या कितीतरी आधीपासून सांगत होते, ही गोष्ट वेगळी!) पुढे 1853 मध्ये फौजेच्या थकलेल्या खर्चापोटी निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला. मग साहेब लोकांचे दौरे आले आणि दौऱ्यांबरोबर मुक्कामाचे बंगले आले.

डाकबंगला म्हणजे थोडक्यात सरकारी सराई. पालखीने, घोड्याने नाहीतर दमणीने दिवसभराची मजल मारायची आणि संध्याकाळी बंगला गाठायचा. उंच जोतं, चौफेर व्हरांडा, दोन-तीन खोल्या, खानसामा आणि चौकीदार. पंख्याची दोरी भिंतीच्या भोकातून बाहेर जायची आणि बाहेर बसलेला माणूस ती ओढायचा. इंग्लंडमध्येही घोडागाड्यांच्या रस्त्यांवर अशाच खानावळी होत्या, तिथे घोडे बदलायचे. 1830 नंतर तिकडे आगगाड्या वाढल्या आणि त्या ओस पडल्या. रिकाम्या खोल्यांत मग भुतं राहायला आली! आपल्याकडेही 1867 मध्ये अकोला-बडनेऱ्यावरून नागपूरपर्यंत रेल्वे पोचली आणि सपाटीवरच्या मुक्कामांची गरज कमी झाली. चिखलदऱ्याला मात्र रेल्वे गेलीच नाही. म्हणून डोंगरातले बंगले टिकले आणि त्यांच्याबरोबर गोष्टीही.

आपण पडलो इंजिनीअर, त्यामुळे आवाजाचं कारण शोधणं आलंच. दिवसभर तापलेलं सागवान आणि कौलं रात्री गार पडतात, आकुंचन पावतात आणि करकरतात. रुडयार्ड किपलिंगने 1888 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका कथेत हीच गंमत केली आहे. डाकबंगल्यात रात्रभर शेजारच्या खोलीतून बिलियर्ड खेळल्याचा आवाज येतो, माणूस पार घाबरून जातो आणि शेवटी निघतो काय, तर छताच्या कापडावर पळणारा उंदीर आणि वाऱ्याने आपटणारी खिडकीची चौकट! म्हणजे साहेबांच्या भुताचा पंचनामा एका साहेबानेच करून ठेवला आहे.

गेल्या वर्षी एनएसएसच्या कॅम्पला आम्ही मेळघाटात अशाच एका जुन्या बंगल्याच्या आवारात होतो. रात्री वर खडखड झाली, दोघं-तिघं पांघरुणात घुसले. सकाळी चौकीदार मामांना विचारलं, तर ते हसायलाच लागले.

"भूत कायचं रे पोट्टेहो, उदमांजर हाय वरते."

"पण मामा, रात्री घुंगरं वाजतात म्हणे?"

"आता नाही वाजत. माहा आजा डाक नेत होता. त्याच्या काठीले घुंगरं रायत. जंगलात एकटा मानूस, जनावर बाजूले व्हावं म्हनून. थो पळत जाये रात्रीचा."

मी चाटच पडलो! घुंगरांचा आवाज आला की आम्ही आजवर हडळ समजत होतो. प्रत्यक्षात तो टपाल घेऊन पळणारा हरकारा असणार.

मग मामा थोडं थांबून म्हणाले, "माह्या घरचे दोन लेकरं पावसाळ्यात गेले. नदीले पूर, दवाखाना लांब. पंचवीस-तीस वर्सं झाले. थे नाही आले कधी भूत होऊन. आले असते तं पाह्यले तरी असते."

आमच्यापैकी कोणालाच काही बोलता येईना. मामा उठून पाणी भरायला गेले.

1993 मध्ये मेळघाटातल्या कुपोषणाच्या आणि बालमृत्यूंच्या बातम्यांनी सारा महाराष्ट्र हादरला होता. त्यानंतर कोर्टकचेऱ्या झाल्या, योजना आल्या. पण आमच्या होस्टेलच्या गोष्टींत त्यातलं एकही मूल नाही. पालखी वाहणारे भोई नाहीत, पंखा ओढणारा नाही, डाक नेणारा आजा नाही. भूत व्हायलासुद्धा साहेबच असावं लागतं की काय? दोन रात्री मुक्काम करून गेलेल्याचे बूट आपण दीडशे वर्षं ऐकतोय आणि तिथेच जन्मून तिथेच मेलेल्यांची चाहूलही आपल्याला लागत नाही.

मी भुताच्या गोष्टींच्या विरोधात बिलकुल नाही. पावसाळी रात्री त्यांच्यासारखी मजा नाही! फक्त गोष्टीत कोणाला घेतो आणि कोणाला वगळतो, एवढं बघायला पाहिजे. तेव्हा मित्रांनो, पुढच्या ट्रिपला चिखलदरा, सेमाडोह किंवा कोलकासला जाल आणि रात्री वर खडखड ऐकू येईल, तर खुशाल झोपा, उदमांजर असेल. सकाळी मात्र चौकीदारासोबत चहा घ्या आणि त्याला साहेबाचं नाही, त्याच्या आज्याचं विचारा.