खांदेपालट

देवाची पालखी सभामंडपातून बाहेर पडते तेव्हा आपली दृष्टी उत्सवमूर्तीवर खिळलेली असते. खांदा देणाऱ्यांकडे ती क्वचितच वळते. उंबरठ्यावर एकाने खांदा काढावा, दुसऱ्याने द्यावा, आणि पालखी मात्र क्षणभरही भुईला टेकू नये, ही रीत अंगवळणी पडल्यामुळे तिचे कौतुक वाटेनासे होते. असेच वाहणे आपल्या देहात अहोरात्र चालू असते, याची जाणीव मला झाली ती घरातील एका दुःखापायी.

तुये गावी आमच्या थोरल्या काकींना लहानपणापासून तिन्हीसांजेनंतर दिसत नसे. दिवसा त्या अबोलीचे वळेसर सफाईने गुंफीत. परंतु दिवेलागण झाली की देवळाच्या पायऱ्या त्यांना चाचपाव्या लागत. पुढे बाजूचेही दिसेनासे झाले; नळीतून पाहावे तेवढेच जग उरले. कोणी म्हणे पूर्वजन्मीचे फळ, कोणी म्हणे माहेरचा दोष. काकी सारे निमूटपणे ऐकत. साठी उलटल्यावर एका नेत्रवैद्याने रोगाचे नाव सांगितले: रेटिनायटिस पिगमेंटोझा.

त्या नावामागे काय आहे, हे समजून घेण्यासाठी मी पुस्तके चाळली. डोळ्याच्या पडद्यातील शलाका पेशी मंद प्रकाशात पाहण्याचे काम करतात. पेशीचा प्रकाश टिपणारा भाग म्हणजे वास्तविक एक रूपांतरित पक्ष्माभिका, पापणीच्या केसासारखा सूक्ष्म रोम. गंध घेणाऱ्या पेशींनाही असेच रोम असतात. डोळ्यातील या भागात चकत्यांची चळत असते. तळाशी नव्या चकत्या घडतात, टोकाकडच्या झडतात, आणि सुमारे दहा दिवसांत सारी चळत नवी होते. हे नित्य नूतनीकरण रिचर्ड यंग यांनी १९६७ साली दाखवून दिले. त्यासाठी लागणारी प्रथिने मात्र पेशीच्या मूळ देहात घडतात, आणि एका अरुंद मानेतून पलीकडे जातात.

पक्ष्माभिकेत माल वाहिला जातो कसा? १९९३ साली अमेरिकेतील येल विद्यापीठात कोझ्मिन्स्की, रोझेनबाउम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका हिरव्या शेवाळाच्या जिवंत रोमात कण ये-जा करताना पाहिले. सूक्ष्मनलिकांच्या वाटेवरून किनेसीन हे प्रथिन माल टोकाकडे नेते, आणि डायनीन परत आणते. १९९९ साली जेमतेम एक मिलिमीटर लांबीच्या गोलकृमीच्या संवेदी रोमांतही ही ये-जा दिसली. टोकाकडे जाण्याचा वेग सेकंदाला सुमारे ०.७ मायक्रोमीटर, एक मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. २०१५ साली त्याच कृमीत असे आढळले की, रोमाच्या दाराशी माल आत घेतो एक किनेसीन, आणि पुढे टोकापर्यंत नेतो दुसरा. हा पालट एकदम होत नाही. वाटचालीत हळूहळू होतो.

हे संशोधन सारे परदेशीच झाले असे नाही. मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत कृशानू राय आणि सहकाऱ्यांनी फळमाशीच्या शृंगिकेतील गंधरोमांचा अभ्यास केला. हे रोम टप्प्याटप्प्याने घडतात आणि त्या घडणीस किनेसीन-२ अनिवार्य असतो, असे त्यांनी २०११ साली मांडले.

काकींच्या रोगाची कारणे अनेक आहेत. काकींचे कोणते, ते तपासले गेले नाही. परंतु त्याच्या कित्येक प्रकारांत बिघाड असतो तो त्या अरुंद मानेतील किंवा तेथील वाहतुकीशी निगडित प्रथिनांत. माल पोहोचेना की चळत खचते, आणि पेशी हळूहळू मरते. शलाका पेशी आधी जातात, म्हणून रात्र आधी हरपते. बिघडलेले जनुक पुष्कळदा स्वतः निरोगी असलेल्या आईबापांकडून, त्यांच्या नकळत, संततीकडे येते.

मग यात पाप कोणाचे, आणि दोष कोणत्या घराण्याचा? इतक्या सूक्ष्म वाटेवर एक वाहक अडखळला, एवढेच. त्याचा ठपका एका बाईने जन्मभर सोसला, हे मला तिच्या अंधारापेक्षा अधिक दुःसह वाटते. वाचकांपैकी कोणाच्या घरी एखादे मूल सांजवेळी अडखळत असेल, तर त्याला धांदरट म्हणू नये, आणि त्याची पत्रिकाही आधी काढू नये. त्याचे डोळे तपासून घ्यावेत. रातांधळेपणाची काही कारणे उपचाराने दूर होतात, आणि जी होत नाहीत त्यांतही मुलाला आपले काय होते आहे हे कळलेले बरे.